खूण पलीकडच्या बांधाला

क्लेम थर्टल माझा मेहुणा होता, पण म्हणून मी त्याचे गोडवे गाणार नाही. माणूस तुसडा. चर्चच्या दारात पाद्रीबुवांनी हसून "काय क्लेम, बरं आहे ना?" असं विचारलं तरी हा नुसतं "हं" करून पुढे जायचा. तोच क्लेम बांधावर पालथा पडून गवतातल्या तितराच्या मादीशी मात्र तासन्‌तास गोड बोलायचा. "बस बाई बस, मीच आहे, उठू नकोस." माझी धाकटी बहीण आयव्ही ह्याच्यावर कशी भाळली हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. बहुतेक तिच्याशीही तो तितर समजूनच बोलला असावा.

पास्क मालकांच्या शेतावर तो राखणदार होता. त्याच्याआधी त्याचा बाप होता. पूर्वी इंग्लंडातल्या आमच्या ह्या नॉरफकात राखणदार ठेवायचे ते शिकारीसाठी. सप्टेंबरात साहेबलोक बंदुका घेऊन येणार, त्यांना मारायला तितर हवेत, म्हणून वर्षभर तितरांची बडदास्त ठेवायची. पुढे गव्हावर फवारे आले आणि किडे मेले. तितराची पिल्लं पहिले काही दिवस किड्यांवरच जगतात, तेव्हा त्यांच्या पाठोपाठ तीही गेली. तितरावर बंदूक उचलणं पास्कांनी केव्हाच बंद केलं, पण क्लेमनं आपलं काम सोडलं नाही. गव्हाच्या कडेची पट्टी फवारू नका म्हणून मालकाशी भांडायचं, बांधावर गवत माजू द्यायचं, कावळे आणि कोल्हे आवरायचे, हिवाळ्यात कुंपणाखाली धान्याचे डबे ठेवायचे. त्याच्या जिवावर चंडोल गायचे, ससे माजायचे, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप ते तितर मात्र दरवर्षी कमीच होत चालले होते.

मी सांगतेय त्या उन्हाळ्यात अख्ख्या शेतावर करड्या तितरांची एकच जोडी उरली होती. पास्क माणूस वाईट नव्हता, पण कंटाळला होता. माझ्यादेखत तो क्लेमला म्हणाला, "हे बघ, ह्या जोडीची पिल्लं जगली तर तुझ्या पट्ट्या राहू देतो. नाही जगली तर पुढच्या वर्षी थेट कुंपणापर्यंत गहू. नसलेल्या पाखरांसाठी मी जमीन पडीक टाकू का?" क्लेम "हं" म्हणाला. पण त्या दिवसापासून त्याचं अन्नावरचं लक्ष उडालं. मी वाढलेलं तो ताटात नुसतं चिवडत बसायचा.

आता ह्यात मी कुठे आले ते सांगते. आयव्ही वारली तेव्हा त्यांची मुलगी थर्झा जेमतेम चालायला लागली होती. आठवडाभरात क्लेम माझ्या दारात उभा. एका हातावर पोर, दुसऱ्या हातात पिंजरा, पिंजऱ्यात दोन गिड्ड्या बँटम कोंबड्या. म्हणतो, "एनिड, दोन्ही तुझ्याकडेच बरी राहतील. मला जमायचं नाही. माझ्याकडे कोल्ह्याचा त्रास आहे."

"कोल्हा पोरीलाही नेतो का रे?" मी म्हटलं.

पोरगी माझ्याकडे राहिली ती राहिलीच, आणि कोंबड्यांचाही वंश वाढत गेला.

त्या कोंबड्यांचं काम असं. तितराच्या मादीची अंडी घालून झाली की ती चरायला उठलेली असताना क्लेम खरी अंडी काढून घ्यायचा आणि त्यांच्या जागी लाकडाची, तसल्याच मातकट हिरव्या रंगाची खोटी अंडी ठेवायचा. खरी अंडी माझ्या खुडूक कोंबडीखाली. तिकडे मादी लाकूड उबवत बसते, इकडे कोंबडी तिची अंडी उबवते. मधल्या काळात कावळ्यानं घरटं लुटलं तर लाकूड जातं, जीव जात नाही. मग इकडे अंड्यांना आतून टोचे पडायला लागले, की ती परत नेऊन मादीखाली सरकवायची. थोड्याच वेळात पिल्लं बाहेर येतात आणि बाईला वाटतं, आपणच उबवली. आयव्ही म्हणायची, ही फसवणूक खरी, पण पुण्याची.

त्या दिवसांत क्लेम रोज माझ्याकडे यायचा, दोन मैल चालत. खुराड्यापाशी उकिडवा बसून कोंबडीला न्याहाळायचा, चहा प्यायचा. थर्झा अंगणात असली तर तिच्याकडे एकदा बघायचा आणि निघून जायचा. माझं डोकं फिरायचं. कोंबडीची चौकशी दहादा आणि पोटच्या पोरीची एकदाही नाही! एकदा मी तोंडावर म्हटलं, "अरे, तिलाही कधी विचार, जेवलीस का म्हणून." तर हा म्हणतो, "दिसतंय ना जेवलेली."

पोरगी मात्र लांबून त्याच्या मागे फिरायची. हा बांधावर, तर ही कुंपणाआड. संध्याकाळी येऊन मला सांगायची, "मावशी, आज त्यांनी गवताला गाठ मारली!" घरटं सापडलं की क्लेम जवळच्या उंच गवताच्या काड्या एकत्र करून गाठ मारून ठेवायचा, एवढं तिनं स्वतःच हेरलं होतं. त्याला ती बाबा म्हणत नसे. अहो-जाहो करायची, परक्या माणसाला करावं तसं. मोठी झाली, ट्रॅक्टर शिकली, आणि पास्कांचा म्हातारा ड्रायव्हर थकून घरी बसला तेव्हा त्याच्या जागी लागली. बाप-लेक एकाच शेतावर, आणि दोघांमधलं बोलणं म्हणजे ह्याचं "हं" आणि तिचं "बरं".

जूनमधला तो दिवस नुसता घामाचा होता. पान हलत नव्हतं. सकाळी कोंबडी उचलून बघते तर अंड्यांवर टोचे पडलेले. एक कानाशी धरलं तर आतून चिवचिव. क्लेम दारात उभाच होता. मी टोपलीत गरम पाण्याची पिशवी ठेवली, तिच्यावर फ्लॅनेल, त्यात अंडी, वरून पुन्हा फ्लॅनेल. रेडिओवर सांगत होते, दिवस मावळायच्या आत विजांसह जोराचा पाऊस.

"पावसाच्या आत ती मादीच्या पोटाखाली सुकलेली हवीत," क्लेम म्हणाला. "आजचं पिल्लू भिजलं की संपलं."

टोपली मी घेतली. बरेच दिवस धड न जेवलेल्या माणसाच्या हाती ती कोण देणार? घरटं लांबवाटेला होतं. ती घोडागाडीच्या रुंदीची जुनी वाट, दोन्ही अंगांना बांध, बांधांवर कमरेएवढं गवत. वळणाच्या अलीकडेच ट्रॅक्टरचा आवाज कानावर आला.

क्लेम म्हणाला, "कोण गवत कापतंय?"

"थर्झा. पाऊस येतोय म्हणून मालकांनी आजच सगळं गवत पाडायला सांगितलंय."

"मी सांगेपर्यंत लांबवाटेला हात लावायचा नाही असं ठरलं होतं!"

"ठरलं होतं ते मालकांनी मोडलं. तू असा पांढरा पडू नकोस. क्लेमच्या खुणा सोडून काप, असं बजावलंय त्यांनी. आणि थर्झाला तुझ्या गाठी लहानपणापासून पाठ आहेत. गाठीभोवतीचं गवत ती सोडणार म्हणजे सोडणार."

क्लेम चालता चालता थांबला.

"गाठीभोवतीचं?"

"मग काय तर!"

"एनिड, गाठ पलीकडच्या बांधाला असते."

"म्हणजे?"

"घरट्यावरच खूण कोण करतो? कावळे बघत असतात वरून. गाठ जिथे असते त्याच्या बरोब्बर समोर, वाटेच्या दुसऱ्या अंगाला घरटं. सगळे राखणदार असंच करतात. म्हाताऱ्या ड्रायव्हरला ठाऊक होतं."

"आणि थर्झाला?"

पण तो पळत सुटला होता. साठीला टेकलेला माणूस, पायात जड बूट, आणि "थांब! थांब!" असं ओरडत चाललेला. ट्रॅक्टरच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? मला पळता येईना. टोपली छातीशी धरून मी नुसती भरभर चालत होते. फ्लॅनेलखाली काहीतरी हललं. मी म्हटलं, "देवा, एवढं एक घरटं चुकव रे. बाकीचं सगळं गवत ने."

मी वळणावर पोचले तोवर ट्रॅक्टर बंद झाला होता. अलीकडचा बांध टोकापर्यंत साफ पाडलेला. पलीकडचाही पाडलेला, फक्त मध्ये गवताचा एक चौकोन उभा, केकचा तुकडा कापून ठेवावा इतका नेटका, आणि त्याच्या मधोमध क्लेमची गाठ. थर्झा खाली उतरून हातमोजे काढत होती. चेहरा लाल झालेला, कपाळावर गवताचा भुसा, आणि हसत होती. बापाकडे बघून तिला असं हसताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"बघा," ती म्हणाली, "तुमच्या गाठीला धक्का लावला नाही! चांगली चार हात जागा सोडलीय भोवती."

क्लेम तिच्याकडे बघतही नव्हता. तो अलीकडच्या बांधावर गुडघ्यांवर बसून पडलेलं गवत दोन्ही हातांनी बाजूला करत होता. आधी पिसं निघाली. मग लाकडाचं एक अंडं, मधोमध चिरलेलं. मग ती. पिल्लं निघायची वेळ जवळ आली की तितराची मादी काहीही झालं तरी उठत नाही. तीही उठली नव्हती.

थर्झाचं हसू हळूहळू उतरलं. "पण गाठ तर तिकडे होती," ती म्हणाली.

"खूण समोर असते," क्लेम म्हणाला. "नेहमी समोरच्या बाजूला."

"कुणी सांगितलं मला?"

क्लेमनं मादीला दोन्ही हातांनी उचललं.

"कुणी सांगितलं होतं मला? सांगा ना! इतकी वर्षं तुमच्या मागे फिरले मी. एकदा तरी जवळ बोलावलंत? एकदा तरी म्हणालात, ये पोरी, बघ, खूण इथे आणि घरटं तिथे? मला दिसलं तेवढं मी शिकले. लांबून काय दिसणार? गाठच दिसणार!"

तो मेलेली मादी हातात घेऊन तसाच बसला होता. मला दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटत होती आणि दोघांनाही पोटाशी धरावंसं वाटत होतं. तेवढ्यात टोपलीतून चिवचिव आली, चांगली खणखणीत. मी फ्लॅनेल उचललं. एक अंडं उघडलं होतं आणि त्यातून एक ओलं, अंगठ्याएवढं ध्यान मान वर करून ओरडत होतं.

"भांडण मागाहून करा!" मी म्हटलं. "ह्यांचं काय करायचं ते आधी सांगा."

क्लेम उठला. आवाज अगदी कोरडा झालेला. "परत ने. कोंबडीखाली घाल. तुझ्याकडेच वाढव."

"आणि मग? तूच सांगत आलायस ना, कोंबडीनं वाढवलेला तितर रानात टिकत नाही म्हणून? ती दाणे दाखवते, किडे दाखवत नाही. ससाण्याची सावली पडली तर कसं दडावं ते तिला कुठे माहीत? गहू काढेपर्यंत एकही उरायचा नाही. आणि तुझ्या पट्ट्याही जातील."

"आजचा दिवस तरी जगतील."

त्याच वेळी पलीकडच्या गव्हातून नर ओरडला. गंजलेली बिजागरी करकरावी तसा त्यांचा आवाज असतो. तो मादीला हाक देत होता. थोडं थांबायचा आणि पुन्हा हाक द्यायचा.

थर्झानं बाहीनं नाक पुसलं. "बाप जिवंत आहे," ती म्हणाली. "त्याला द्या."

"एकटा नर पिल्लं घेत नाही."

"कधी देऊन बघितलंत?"

"माझा बाप सांगायचा, घेतो एखादा. मी नाही पाहिलेलं." क्लेम जमिनीकडे बघून बोलत होता. "मादी बरोबर असली की करतो सगळं. एकट्याला नाही जमत, थर्झा. तो बावरतो. उडून जातो. कोंबडीकडे बरं असतं पिल्लांना."

"बरं असतं? कोण म्हणतं?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले आणि मला पहिल्यांदा कळलं की इथे तितरांचं बोलणं चाललेलं नाही. माझ्या मस्तकात तिडीक गेली. "ऐका, मी इथेच उभी आहे!" मी म्हटलं. "कोंबडी कोंबडी काय चालवलंय? जे काय म्हणायचं ते माझ्या तोंडावर म्हणा!"

"मावशी, तुला नाही गं," थर्झा म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "तू काही कमी केलं नाहीस मला. पण हे रोज दारापर्यंत यायचे, आणि रोज परत जायचे."

लांब ढग गडगडले. उत्तरेकडचं आभाळ शाईसारखं झालं होतं. क्लेमनं मादीला कुंपणाच्या मुळाशी ठेवलं, वर मूठभर गवत टाकलं आणि टोपी सारखी केली.

"माझ्या घरामागे छपरीत जाळीचं छोटं खुराडं आहे," तो थर्झाला म्हणाला. "आणि सुतळी. घेऊन ये. पाऊस लागायच्या आत."

ती ट्रॅक्टर घेऊन गेली. आम्ही दोघं कुंपणाच्या सावलीत बसलो. एकेक अंडं उघडत होतं, आणि पिशवीतलं पाणी आता कोमट झालं होतं. शेवटी मी पोलक्याच्या वरच्या गुंड्या सोडल्या आणि ती ओली ध्यानं उचलून सरळ आत सोडली. "तिकडे बघ," मी क्लेमला म्हटलं. तो इमानदारीत गव्हाकडे बघत बसला. पिल्लं माझ्या अंगावर सुकत होती, वळवळत होती, आणि ढग सरकत सरकत डोक्यावर येत होते.

"नर आला नाही तर?" मी विचारलं.

"तर पहिला थेंब पडायच्या आत तू त्यांना घेऊन घरी पळायचं."

"मी? पळायचं? ह्या गुडघ्यांनी?"

तो हसला नाही. ओठ मिटून गव्हाकडे बघत राहिला.

थर्झा परत आली ती वेगळाच चेहरा घेऊन. छोटं खुराडं तिनं खाली ठेवलं आणि विचारलं, "तुमच्या घरामागचं ते मोठं खुराडं कुणाचं?"

क्लेम सुतळी सोडवत होता. वर बघेना.

"कसलं मोठं?" मी म्हटलं. क्लेमच्या घरामागे मी आयव्ही गेल्यापासून पाऊल टाकलं नव्हतं.

"मावशी, ओकच्या फळ्यांचं आहे. खाली दगडी जोतं, दुहेरी जाळी, लोखंडी कडी. कोल्हाच काय, कोल्ह्याचा बापही आत शिरणार नाही. लाकूड जुनं होऊन काळं पडलंय, पण आत कधी कोंबडी बसलेलीच नाही. एक पीस नाही, एक डाग नाही." ती क्लेमकडे वळली. "कोल्ह्याचा त्रास म्हणून ना कोंबड्या मावशीकडे ठेवल्या होत्या? मग दर वर्षी दोन मैल अंडी का वाहत होता?"

"आता बोलू नकोस," क्लेम म्हणाला. "नर ऐकतोय."

छोटं खुराडं ठेवायचं कुठे, तर जागा एकच होती. सगळी लांबवाट बोडकी झालेली, आडोसा म्हणून थर्झानं सोडलेला तेवढा चौकोन. क्लेमनं ते तिथे गाठीपाशी ठेवलं. मी पिल्लं काढून दिली. ती आता सुकून फुलली होती आणि माझी ऊब सुटताच त्यांनी एकच गिल्ला केला. दाराला बांधलेली सुतळी सैल सोडत आम्ही कुंपणाआड येऊन आडवे पडलो. हो, मीसुद्धा, चांगला स्कर्ट घालून.

नर आला. गव्हाच्या कडेला आधी नुसती मान दिसली. मग तो वाकून, धावत, कापलेल्या बांधावरून थेट जुन्या घरट्याच्या जागी गेला. पिसांत उभा राहिला. हाक दिली. पुन्हा दिली. शेजारी थर्झानं तोंडात मूठ कोंबली होती. खुराड्यातून चिवचिव चालूच होती, पण तो तिकडे बघेच ना. त्याला मादी हवी होती.

मग वारा सुटला आणि वाऱ्याबरोबर पिल्लांचा आवाज त्याच्याकडे गेला. त्यानं मान फिरवली. वाट ओलांडायला सुरुवात केली, मध्येच थांबला. डोक्यावरून एक कावळा गेला तसा जमिनीला चिकटून बसला. कावळा घिरटी घालून परत आला. माझ्या हातावर पावसाचा पहिला थेंब पडला, चांगला नाण्याएवढा.

मी उठायला लागले. क्लेमनं माझं मनगट धरलं.

"ठरलं होतं ना, पहिला थेंब..."

"थांब, एनिड. त्याला बघू दे जमतंय का."

"भिजून मरतील रे!"

"थांब."

त्याच्या पकडीनं माझा हात दुखायला लागला होता. नर उठला. गवतात शिरला. खुराड्याभोवती एक चक्कर मारली, जाळीशी चोच नेली आणि एकदम मागे सरला. क्लेमनं सुतळीचं टोक उचललं आणि माझ्या अंगावरून हात नेऊन थर्झाच्या हातात दिलं.

"तू ओढ," तो कुजबुजला. "हळू. धक्का द्यायचा नाही."

तिनं ओढलं. दार वर झालं. पिल्लं बाहेर सांडली, तुरुतुरु सगळीकडे. नर दोन पावलं मागे गेला, पंख अर्धे उघडले. मी डोळे मिटून घेतले. आता उडतोय, मला वाटलं. मग थर्झानं श्वास घेतल्याचा आवाज आला आणि मी बघितलं. तो खाली बसला होता. पंख छत्रीसारखे पसरलेले, घशातून एक बारीक कुकुक चाललेली, आणि पिल्लं एकामागून एक त्याच्या पोटाखाली घुसत होती. शेवटचं एक गवताच्या काडीत अडकलं होतं. त्यानं त्याच्याकडे मान लांब केली, आणि तेही गेलं आत.

आणि मग पाऊस कोसळला. पाठीवरून पाणी ओघळत होतं तरी नर जागचा हलला नाही, आणि आम्हीही हललो नाही. पुढे गहू काढल्यावर खोडक्यांत ती पिल्लं बापामागून पळताना पास्कांनी स्वतः पाहिली, आणि पट्ट्यांचा विषय पुन्हा काढला नाही. पण ते नंतरचं. त्या घटकेला आम्ही तिघं कुंपणाखाली भिजत होतो.

पाऊस जरा ओसरला तशी थर्झा उठून बसली. सुतळी अजून तिच्या मुठीत होती.

"बाबा," ती म्हणाली. माझ्या घरात वाढली पोरगी, पण हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. "ते मोठं खुराडं तू बांधलंस ना? मग कोंबड्या मावशीकडे का ठेवल्यास?"

क्लेमच्या टोपीच्या कडेवरून पाणी गळत होतं. त्यानं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. समोरच्या चौकोनाकडे, त्या भिजलेल्या गाठीकडे बघत राहिला.

"कोंबड्या ना?"

"हो."

"ती खूण होती," तो म्हणाला.

"आणि घरटं मी," थर्झा म्हणाली. मग गुडघ्यांवर सरकत त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि ओलं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं, आणि तो बावरला, पण उठून गेला नाही. मी आपली चिखलात बसून स्कर्ट पिळत होते. म्हणजे इतकी वर्षं मी त्याच्या खुणेला दाणे घालत बसले होते, आणि गावभर सांगत फिरत होते की कोंबड्या पाळाव्यात तर एनिडनंच!